तहान न लागणारं मूल शिबिराला निघतं

उन्हाळी शिबिराला निघालेल्या मुलाबरोबर आईवडील शिबिराच्या नर्ससाठी एक कागद देतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, पोहता येतं का, रात्री घाबरून उठतो का, असल्या गोष्टी त्यावर लिहिलेल्या असतात. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेल्या मुलाच्या कागदावर आणखी एक सूचना असते. पहिल्यांदा वाचणारा तिथे अडखळतोच. याला तहान लागायची वाट पाहू नका. खेळ चालू असताना ठरावीक वेळाने हाक मारून पाणी प्यायला लावा आणि सोबत काहीतरी खारट खायला द्या.

उन्हात धावणाऱ्या मुलाला तहान लागणार नाही, असं कसं होईल? पण तसंच होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ओडेड बार-ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं आणि १९९२ साली प्रसिद्ध केलं. गरम खोलीत मुलांना व्यायाम करायला लावला आणि हवं तेव्हा, हवं तेवढं पाणी प्यायची मुभा दिली. निरोगी मुलं पीत राहिली. सिस्टिक फायब्रोसिस असलेली मुलं त्यांच्या मानाने फारच कमी प्यायली. अंगातलं पाणी घटत होतं, तरी त्यांना ते जाणवत नव्हतं.

शरीरातलं पाणी कमी झालं की तहान लागते, असं आपण धरून चालतो. पण मेंदू प्रामुख्याने लक्ष ठेवतो ते रक्त किती खारं झालंय यावर. निरोगी माणसाच्या घामातून पाणी जास्त जातं आणि मीठ कमी, त्यामुळे मागे राहिलेलं रक्त थोडं अधिक खारं होतं आणि मेंदू तहानेची हाक देतो. या मुलांच्या घामात मीठ इतकं असतं, की पाणी आणि मीठ जवळजवळ जोडीनेच बाहेर पडतात. रक्त आटत जातं, पण त्याचा खारेपणा फारसा बदलत नाही. मेंदूला वाटतं, सगळं ठीक आहे. याच गटाने पुढे दाखवलं, की पेयातलं मीठ वाढवलं तर ही मुलं आपण होऊन जास्त पितात. नर्सला दिलेल्या कागदावरच्या खारट खाण्याचं शास्त्र ते हे.

मूल खारं लागतं, हे फार जुन्या काळापासून माहीत होतं. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेतल्यावर ओठांना मीठ लागतं ते जगत नाही, अशी समजूत युरोपात कित्येक शतकं होती. आजाराचं नीट वर्णन केलं न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी, १९३८ साली. त्यांनी ते मृत बालकांच्या स्वादुपिंडांवरून केलं, त्यामुळे घामाचा त्यात उल्लेखही नव्हता. मग १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क उकाड्याने तापलं. उष्माघाताने कोसळून इस्पितळात आलेल्या मुलांत याच आजाराची मुलं पुन्हा पुन्हा दिसू लागली. तिथेच काम करणारे पॉल डी सांत-आग्नेसे यांना प्रश्न पडला, की उन्हाने नेमकी हीच मुलं का आडवी व्हावीत? १९५३ साली उत्तर छापून आलं: यांच्या घामात प्रमाणाबाहेर मीठ आहे. आजही निदानाची मुख्य कसोटी घामाचीच आहे. हाताच्या त्वचेवर औषध आणि अगदी सौम्य वीज वापरून घाम आणतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरमागे ३०पेक्षा कमी मिलिमोल हे सर्वसाधारण, ६० किंवा त्याहून जास्त भरलं तर हा आजार.

पण एवढं मीठ जातं ते का? याचं उत्तर पॉल क्विंटन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८३ साली दिलं, आणि ती हकीकत वाचताना मी दर वेळी थांबते. क्विंटन यांना स्वतःला सिस्टिक फायब्रोसिस आहे. घामाच्या ग्रंथीच्या तळाशी जो द्रव तयार होतो तो रक्ताइतकाच खारा असतो, निरोगी माणसातही. त्वचेकडे वर चढताना नळीच्या भिंती त्यातलं मीठ परत शोषून घेतात. क्विंटन यांनी त्या केसाएवढ्या नळ्या सुट्या करून तपासल्या, स्वतःच्या कातडीतल्यासुद्धा, आणि त्यांना दिसलं, की या रुग्णांच्या नळीतून क्लोराइडला आत शिरताच येत नाही. दार बंद आहे.

दाराचा आराखडा सापडला १९८९ साली. टोरांटोत लॅप-ची त्सुई व जॉन रिओर्डन आणि मिशिगनमध्ये फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरचं जनुक शोधलं. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे १,४८० अमिनो आम्लांची साखळी. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषात त्यातलं एकच, ५०८वं, गळलेलं असतं. तेवढ्याने साखळीची घडी चुकते, आणि पेशीची स्वतःचीच तपासणी यंत्रणा ते प्रथिन दाराच्या जागेवर पोचण्याआधीच मोडीत काढते.

या आजारातलं सगळ्यात चकित करणारं मला हे वाटतं, की तेच दार दोन ठिकाणी उलट कामं करतं. घामाच्या नळीत ते मीठ आत घेतं. फुफ्फुसाच्या वाटांमध्ये त्याने मीठ बाहेर सोडायचं असतं, म्हणजे मिठामागे पाणी येतं आणि वाटांच्या आतला पातळ थर ओला राहतो. त्या थरात सूक्ष्म केसांसारखे तंतू वल्ही मारत असतात आणि धूळ, जंतू, कफ वर ढकलत असतात. दार बंद पडलं की वाटा कोरड्या पडतात आणि कफ वाळत आलेल्या खळीसारखा चिकटून बसतो. म्हणजे एकाच मुलाची कातडी मिठाने भरलेली आणि फुफ्फुसं मिठाला पारखी.

आणि इथे समुद्र मदतीला आला. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की या रुग्णांपैकी जे सर्फिंग करतात, लाटांवर फळी घेऊन तासन्‌तास असतात, त्यांची फुफ्फुसं बरी राहतात. खाऱ्या तुषारांचा तर हा गुण नसेल? १६४ रुग्णांवर ४८ आठवडे चाचणी झाली आणि २००६ साली निष्कर्ष आला: समुद्राच्या साधारण दुप्पट खारं, म्हणजे ७ टक्के मिठाचं पाणी नेब्युलायझरने दिवसातून दोनदा ओढलं, तर छाती अचानक बिघडण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी होतात. आज हे पाणी शिबिराच्या बॅगेत छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांतून जातं. ते ओढताना मूल खूप खोकतं. नर्सने त्यावर घाबरायचं नसतं, कारण खोकला यावा म्हणूनच ते दिलेलं असतं.

शिबिरातली सकाळ म्हणून इतरांपेक्षा लवकर सुरू होते. आधी श्वासवाटा उघडणारं औषध, मग खारं पाणी, मग अंगात हवेने फुगणारं जाकीट. ते सेकंदाला अनेक वेळा छातीला हलके धक्के देतं आणि कफ सुटा करतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या वॉरन वॉरविक आणि लेलंड हॅन्सन यांच्या कामातून हे जाकीट आलं. त्याआधी आईवडील दिवसातून दोनदा मुलाला पालथं घालून तळहाताची खोलगट वाटी करून पाठ थोपटत. ज्या घरात हे चालायचं तिथल्या मुलाने एक रात्र बाहेर काढायची म्हणजे थोपटणारे हातही बरोबर पाठवायचे. जाकीटाने, आणि तोंडात धरून फुंकायच्या छोट्या कंपनयंत्रांनी, मुलाला घरापासून सुटं केलं. मुक्कामाच्या शिबिराची शक्यता खऱ्या अर्थाने इथून सुरू होते, असं मला वाटतं.

आणखी एक औषध मात्र शिबिराच्या फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. या मुलांच्या कफात लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए साचलेला असतो. लांबच लांब धागे, आणि त्यांनीच कफ आणखी घट्ट होतो. १९९३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉर्नेज अल्फा हे विकर तेच धागे कापतं. मेलेल्या शिपायांचा डीएनए कातरणारं औषध आठ-दहा वर्षांचं मूल रोज सकाळी श्वासातून घेतं आणि मग न्याहारीला पळतं!

न्याहारीचंही सोपं नसतं. स्वादुपिंडातून पाचक रस आणणाऱ्या नळ्या बहुतेकांच्या लहानपणीच बुजलेल्या असतात. त्यामुळे स्निग्ध पदार्थ पचवायला प्रत्येक खाण्याच्या वेळी कॅप्सूल घ्यायची. डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली विकरं त्यात बारीक दाण्यांच्या रूपात असतात. दाण्यांवरचा लेप पोटातल्या आम्लात टिकतो आणि पुढे लहान आतड्यात विरघळतो. कॅप्सूल चावायची नाही, आणि उन्हात तापलेल्या बसमध्ये ठेवायची नाही. या मुलांना बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त खावंही लागतं, त्यामुळे कॅप्सूलची गरज पदोपदी पडते. आता अमेरिकेतल्या शिबिरांमध्ये सगळ्या मुलांची औषधं नर्सच्या खोलीत कुलपात ठेवायची पद्धत आहे. सुरक्षिततेचा नियम म्हणून तो योग्यच. पण या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की कोणी चीजचा तुकडा पुढे केला तर त्याने आधी टेकडी उतरून नर्सकडे जायचं. म्हणून पालक डॉक्टरांचं पत्र जोडतात, की विकरांची डबी मुलाच्याच खिशात राहू द्या. माझ्या मते तयारीतला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. सकाळ-संध्याकाळची औषधं ठरल्या वेळी कोणीही देईल, पण खाणं वेळ सांगून समोर येत नाही.

शेकोटीभोवती तर याची गंमत पाहावी. तिथला ठरलेला खाऊ म्हणजे काडीला टोचून भाजलेला मार्शमेलो, चॉकलेटच्या तुकड्याबरोबर दोन बिस्किटांत दाबलेला. मार्शमेलोत बहुतेक साखरच असते, चरबी नसते. तो एकटा खाल्ला तर कॅप्सूल लागत नाही. चॉकलेट आणि बिस्किट आलं की लागते. मुरलेलं मूल अंधारात, गाणं चालू असताना, हा हिशेब डोक्यात करून टाकतं. मोठ्या माणसांना तो शिकवावा लागतो.

आता यातल्या सगळ्यात अवघड गोष्टीकडे येते.

दुर्धर आजाराच्या मुलांना एकत्र आणणं हा शिबिरांचा मोठा गुण मानला जातो, आणि खरोखर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये क्लॅरा बार्टन शिबिर १९३२ पासून मधुमेह असलेल्या मुलींसाठी चालत आलं. शेजारच्या खाटेवरची मुलगी स्वतःला इन्सुलिन टोचते हे पाहून दुसरीला धीर येतो. अभिनेता पॉल न्यूमन याने १९८८ साली कनेटिकटमध्ये गंभीर आजाराच्या मुलांसाठी शिबिर उभारलं. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांचीही स्वतंत्र शिबिरं अमेरिकेत आणि कॅनडात होती. तिथे कोणी खोकलं तर कोणी वळून पाहत नसे. जेवणाच्या टेबलावर सगळेच कॅप्सूल गिळत. ज्या आजारात १९५०च्या दशकात मूल शाळेच्या वयापर्यंत पोचणंही कठीण होतं, त्या आजाराच्या मुलांना आपल्यासारखं आणखी कोणी आहे हे तिथे पहिल्यांदा दिसायचं.

आणि या शिबिरांत एक जंतू होता. वॉल्टर बर्कहोल्डर या कॉर्नेल विद्यापीठातल्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९५० साली त्याचं वर्णन केलं होतं, ते सडलेल्या कांद्यांवरून. आज त्याला बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणतात. हा मातीत राहतो, पाण्यात राहतो, आणि पेनिसिलिनवर मरण्याऐवजी तेच अन्न म्हणून खाऊ शकतो. निरोगी माणसाला तो सहसा काही करत नाही. या मुलांच्या चिकट कफात मात्र त्याला घर मिळतं. १९८४ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी लिहिलं, की तो शिरल्यावर काही रुग्णांना तीव्र ताप येतो, फुफ्फुसं वेगाने नासतात आणि थोड्याच आठवड्यांत मृत्यू येतो. तो येतो कुठून, हे तेव्हा नक्की नव्हतं. मातीतून की माणसाकडून?

१९९०च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा तीन शिबिरांवर लक्ष ठेवलं. मुलं आली तेव्हा कफ तपासला, नंतर पुन्हा तपासला. येताना स्वच्छ असलेल्या काही मुलांच्या कफात नंतर जंतू सापडला, आणि बाधित मुलं जिथे जास्त होती तिथे धोकाही जास्त होता. एडिंबराच्या जॉन गोव्हन यांनी १९९३ साली दाखवलं, की नेहमीच्या भेटीगाठींतूनच हा जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याचा एकच साथीचा वाण अटलांटिकच्या दोन्ही काठांवर, एडिंबरात आणि टोरांटोत, सापडत होता. समुद्र ओलांडून तो कसा गेला याचा माग काढताना संशोधकांचं बोट उन्हाळी शिबिरांकडेही वळलं.

शिबिरं बंद झाली. नव्वदच्या दशकात एकेक करून. कोणाच्या चुकीने नव्हे. जिथे या मुलांना सगळ्यात मोकळं वाटायचं, तीच जागा त्यांना मारू शकत होती. निर्णय योग्य होता याबद्दल मला शंका नाही. पण त्या पिढीतल्या मुलांचे सगळ्यात जवळचे मित्र शिबिरातलेच होते, आणि त्यांना पुन्हा एका खोलीत बसता आलं नाही, हे नुकसान त्या निर्णयाच्या योग्यतेने भरून येत नाही. पुढच्या अभ्यासांनी नियम आणखी कडकच केले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २०१४ साली आढळलं, की या आजारातला दुसरा नेहमीचा जंतू, स्यूडोमोनास, खोकल्याच्या तुषारांतून चार मीटरपर्यंत जातो आणि हवेत ४५ मिनिटं जिवंत राहू शकतो. अमेरिकेच्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनचा २०१३चा नियम आहे, की दोन रुग्णांनी एकमेकांपासून किमान सहा फुटांवर राहायचं. एकाच घरातली भावंडं तेवढी अपवाद.

म्हणून आज हे मूल साध्या शिबिराला जातं, निरोगी मुलांमध्ये, आणि बहुधा तिथे त्या आजाराचं एकटंच असतं. हे एकटेपण त्याच्या सुरक्षिततेची अट आहे. त्याच्यापासून इतरांना धोका नाही. हा आजार लागत नाही, तो आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन सदोष जनुकं आल्याने होतो. ही गोष्ट खोलीतल्या मुलांना पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगितली, तर रात्रीच्या खोकल्याचा प्रश्न बराचसा मिटतो. सांगायची की नाही, आणि किती, हे मात्र त्या मुलाने ठरवावं.

पालकांची भीती बहुतेक वेळा भलत्याच गोष्टींना चिकटलेली असते. तळ्यात पोहू द्यावं का, झाडावर चढू द्यावं का? द्यावं. धावणं, पोहणं, उड्या मारणं यांनी कफ सुटतो. हालचाल हा उपचारच आहे. नीट क्लोरीन घातलेला जलतरण तलाव चालतो. जपायचं ते निरुपद्रवी दिसणाऱ्या जागी: कोमट पाण्याचा हौद, कारण स्यूडोमोनासला तो आवडतो; साचलेलं डबकं आणि चिखलातले खेळ; घोड्यांच्या तबेल्यातलं बुरशी आलेलं गवत, कारण अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे कण श्वासात जातात. शेकोटीजवळ धूर येणार नाही अशा बाजूला बसायचं. आणि नेब्युलायझरचे भाग दर वापरानंतर धुऊन निर्जंतुक करायचे. पाच मिनिटं उकळले तरी पुरतं, पण ते करणारं माणूस शिबिरात नेमलेलं असलं पाहिजे. आदल्या महिन्यात नर्सला हे सगळं प्रत्यक्ष करून दाखवलेलं असेल, तर निम्मी काळजी तिथेच सरते.

आपल्याकडे हा आजार गोऱ्या लोकांचाच, असं फार काळ मानलं गेलं. तसं नाही. भारतात तो कमी आढळतो, पण चुकतोही बराच: वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणं, यावर क्षय किंवा कुपोषण असं नाव पडतं आणि घामाची तपासणी होतच नाही. ती सगळीकडे उपलब्धही नाही. भारतीय वंशाच्या रुग्णांत ५०८व्या जागेचा दोष युरोपीयांपेक्षा कमी प्रमाणात असतो आणि वेगळे, दुर्मीळ दोष जास्त. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनाही हे माहीत असायला हवं, कारण नवजात बालकांच्या तपासणीतली जनुकदोषांची यादी नेहमीच्या दोषांवर बेतलेली असते, आणि नवी औषधंही.

त्या नव्या औषधांनी शिबिराचं चित्र बदलायला घेतलं आहे. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली तीन औषधांची एकत्र गोळी चुकलेली घडी सावरते, प्रथिनाला दाराच्या जागी पोचवते आणि दार उघडं ठेवायला मदत करते. पहिली गोळी घेतल्यावर काही तासांतच अनेकांना भरभरून कफ पडू लागतो, वर्षानुवर्षं साचलेला. घामातलं मीठ झपाट्याने उतरतं. गोळी स्निग्ध खाण्याबरोबरच घ्यायची असते, म्हणून शिबिराच्या न्याहारीला लोणी हवंच. सुमारे ९० टक्के अमेरिकी रुग्णांना ती किंवा तिच्या जातीची औषधं चालतात. उरलेल्या दहा टक्क्यांना चालत नाहीत, आणि वर्षाला ३ लाख डॉलरच्या वरची किंमत जगातल्या बहुतेक घरांना परवडत नाही. पण जिथे ती पोचली, त्या अमेरिकेत आज जन्मलेल्या बाळाच्या अपेक्षित आयुष्याचा आकडा साठीच्या आसपास गेला आहे.

मग आता दोन मुलांना एका खोलीत राहू द्यायचं का? हा प्रश्न रुग्ण स्वतःच विचारू लागले आहेत. गोळीने कफ पातळ होतो, जंतूंची संख्या घटते, पण जुने जंतू फुफ्फुसातून पुरते जात नाहीत, हे तपासण्यांत दिसलं आहे. त्यामुळे सहा फुटांचा नियम अजून आहे तसाच आहे. एकाच आठवड्यासाठी या आजाराच्या दोन मुलांचे अर्ज आले, तर शिबिरवाले आजही त्यातल्या एकाला पुढचा आठवडा देतात.